सोळा सेंटीमीटरची टॅक्सी

कवी माणूस रिकाम्या वेळी काय करतो, असं मला कोणी विचारलं तर मी सांगतो, गाड्या बनवतो. समोरचा हसतो. मग मी त्याला घरी नेऊन कपाट उघडून दाखवतो.

खऱ्या वाहनांच्या छोट्या प्रतिकृती बनवण्याचा हा छंद जगभर आहे. इंग्लंडमध्ये 1950च्या दशकाच्या सुरुवातीला जॅक ओडेल नावाच्या कारागिरानं आपल्या मुलीसाठी पितळेचा इवलासा रोडरोलर बनवला. तिच्या शाळेत काडेपेटीत मावेल तेवढंच खेळणं न्यायची परवानगी होती, असं सांगतात. त्यातूनच पुढं 'मॅचबॉक्स' गाड्या आल्या.

माझं काम थोडं मोठ्या मापाचं, एकास चोवीस. म्हणजे खऱ्या गाडीचे चोवीस सेंटीमीटर, ते माझ्याकडे एक. आपली काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी चार मीटरला थोडी कमी लांब. माझ्या टेबलावर ती सोळा सेंटीमीटरची होते.

तीच बनवायला घेतली, कारण अब्बांची टॅक्सी तीच होती. नियमाप्रमाणे वीस वर्षं झालेली टॅक्सी मुंबईत चालवता येत नाही. 2003 साली नोंदवलेल्या शेवटच्या पद्मिनीचाही 2023च्या ऑक्टोबरअखेर निरोप झाला. अब्बांची गाडी त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेली होती. आमच्याकडे उरला होता एक फोटो, तोही उजव्या बाजूनं काढलेला.

प्लास्टिकचे पातळ पत्रे एकावर एक चिकटवून ठोकळा केला. कानशीनं आकार दिला, फटींत पुट्टी भरली. मग पॉलिश पेपर, आधी खरखरीत, नंतर बारीक, शेवटी पाण्यात भिजवून. टपावरचं कॅरियर तांब्याच्या तारेचं. स्टीअरिंगच्या दांड्याला लागून असणारा गिअर टाचणीचा. बंपरची चकाकी चॉकलेटच्या चंदेरी कागदाची. बाहेर डाव्या बाजूला, पुढच्या मडगार्डजवळ हातानं पाडायचं जुनं मीटर. ते तांदळाच्या दाण्याएवढं झालं.

रंगात मात्र मी घाई केली. फिका रंग आधी, गडद नंतर, हा नियम. म्हणून पिवळं टप रंगवलं, वर चिकटपट्टी लावली आणि काळा फवारा मारला. महिना जुलैचा. हवेतली ओल रंगात बसली आणि काळ्यावर दुधाळ साय धरली. सगळं घासून काढून पुन्हा रंगवायला दिवाळी उजाडली.

गाडी पुरी झाली तेव्हा थोरल्या भावाला बोलावलं. अब्बांच्या मागं तीच टॅक्सी त्यानं चालवली. मी बीए करत होतो तेव्हा तो बिल्ला लावून रात्रपाळी करायचा. माझी फी त्यातूनच जायची. त्यानं चष्मा वर करून गाडी हातात घेतली, फिरवली आणि विचारलं, "डाव्या मडगार्डचा पोचा कुठाय?"

मी म्हटलं, "भाई, तो कशाला?"

"मग ही आपली नाही. कुणाचीही आहे."

श्रोतेहो, तो पोचा मी पाडलेला. एका पहाटे भाई गाडी उभी करून चहाला गेला होता. मी चावी फिरवली आणि पंधरा पावलांवरच्या विजेच्या खांबाला जाऊन भिडलो. लायसन्स नव्हतं. परीक्षा आठवड्यावर होती. भाईनं अब्बांना सांगितलं, माझा डोळा लागला. अब्बांनी महिनाभर त्याच्या हाती चावी दिली नाही. पोचा काढायला पैसे नव्हते, तो तसाच राहिला. गाडी पाहून अब्बा बाहेरच्या लोकांनाही सांगायचे, "थोरला झोपाळू आहे." मी शेजारी उभा राहून ऐकायचो. अब्बा गेले, तरी माझ्या तोंडून खरं निघालं नाही.

आणि मापाबरहुकूम गाडी बनवताना मी नेमकं तेवढंच गाळलं होतं.

त्या दिवशी आम्ही दोघं टेबलाशी बसलो. खरा पोचा तळहाताएवढा, चोवीस भागांच्या हिशेबात तो अर्ध्या सेंटीमीटरचाही भरत नाही. भाई बोट ठेवून जागा दाखवत होता, "खाली घे, दिव्याच्या मागं." गोल कानशीनं मी चकचकीत रंग खरवडला. आत पुन्हा काळा लावला, कडेला तपकिरी रंगाचा ठिपका देऊन गंज आणला. हात थरथरत होता. मी म्हटलं, "भाई, त्या वेळी मी सांगायला हवं होतं."

तो म्हणाला, "कानस सरळ धर."

हा छंद कुणाला करून पाहायचा असेल, तर मागे ओढून सोडली की पळणारी प्लास्टिकची साधी गाडी आणा. तिचा रंग घासून काढा, आणि तुमच्या ओळखीच्या एखाद्या गाडीसारखी ती करून पाहा. पॉलिश पेपर, टाचण्या, थोडा रंग, एवढ्यावर सुरुवात होते. पावसाळ्यात फवारा मारू नका.

टॅक्सी आता भाईच्या घरी आहे, टीव्हीवर. नातवंडं विचारतात, पोचा कुणी पाडला? तो अजून सांगतो, "माझा डोळा लागला होता." म्हणून आज रेडिओवरून सांगतो आहे. मुलांनो, तो मी पाडला.