सूक्ष्मजीवी कीटकनाशके: टाकीपासून शेतापर्यंत

(पीण्या औद्योगिक क्षेत्रातील लघुउद्योजक व तंत्रज्ञ यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



लेथ, प्रेस, झडपा आणि विद्युत्-मोटारी यांच्या या वसाहतीत अळ्यांविषयी बोलावयास उभे राहणे काहीसे विचित्र दिसेल, याची मला कल्पना आहे. परंतु विषय वाटतो तितका परका नाही. शेजारच्या जलहळ्ळीत काम करणाऱ्या हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना १९५३ मध्ये झाली. त्यानंतर १९७०च्या दशकात तुमकूर रस्त्यालगत पीण्याची ही वसाहत वाढू लागली. धातूवर मिलिमीटरच्या शतांशाच्या हिशेबाने काम करणारे हात या परिसरात तयार झाले. आज ज्या मालाविषयी मी बोलणार आहे त्याला नेमके असेच हात लागतात, कारण शेतकऱ्याला विकावयाचा जीवाणू पोलादी टाकीत वाढतो आणि त्या टाकीचा जोड, तिची झडप व तिच्या हवेची गाळणी यांवर त्याचे बरेवाईट अवलंबून असते.

सूक्ष्मजीवी कीटकनाशके ही विषे नव्हेत, ते रोग होत. किड्यांनाही आपल्याप्रमाणे बुरशीचे, जीवाणूंचे व विषाणूंचे रोग जडतात. असा एखादा रोग जाणूनबुजून वाढवून पिकावर फवारावयाचा, एवढीच मूळ कल्पना आहे. ती मनुष्याला सुचली कशी, हे मात्र या राज्यात बसून ऐकण्यासारखे आहे.

इटलीत रेशमाच्या किड्यांवर एक रोग पडत असे. मेलेला किडा कडक होई आणि चुन्यात घोळल्यासारखा पांढरा दिसे. हा रोग एका बुरशीमुळे होतो, हे अगोस्तिनो बास्सी याने १८३५ मध्ये दाखवून दिले. पाश्चरचे रोगजंतूंविषयीचे कार्य त्यानंतरचे आहे. त्या बुरशीला बास्सीच्याच नावावरून ब्युव्हेरिया बॅसियाना म्हणतात. पुढे १९०१ मध्ये जपानात इशिवाता याला रेशमाच्याच किड्यांना एकाएकी मारणारा एक जीवाणू सापडला. तोच जीवाणू जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात पिठातील पतंगाच्या अळीत बेर्लिनर याला १९११ मध्ये पुन्हा मिळाला, आणि त्या प्रांतावरून त्याचे नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस असे पडले. शेतकरी त्याला नुसते ‘बीटी’ म्हणतात. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये त्याचे पहिले विक्रीयोग्य उत्पादन निघाले.

म्हणजे आज दुकानात मिळणारी दोन प्रमुख जैविक कीटकनाशके प्रथम ओळखली गेली ती रेशीम उद्योगाचे शत्रू म्हणून. आणि कर्नाटक तर तुतीच्या रेशमाचे आपल्या देशातील माहेरघर! रामनगरचा आणि शिडलघट्ट्याचा कोषबाजार येथून फार दूर नाही. कोबीवरील अळी मारण्यासाठी फवारलेला बीटी वाऱ्याने शेजारच्या तुतीच्या पानावर जाऊन बसला, तर ते पान खाणारा किडा कोष करावयास उरणार नाही. रासायनिक विषाने मधमाशी मरते, गाय आजारी पडते, पाणी नासते. बीटी या सर्वांना फारसा उपद्रव देत नाही, आणि नेमका रेशमाच्या किड्याला मात्र मारतो. ‘जैविक आहे, म्हणजे निर्धोक आहे’ असे जाहिरातवाले सांगतात, ते येथे अपुरे ठरते.

हा जीवाणू असा निवडक का, हे थोडक्यात पाहू. प्रतिकूल काळ आला की तो बीजाणू बनवितो आणि त्याबरोबर प्रथिनाचा एक बारीक स्फटिकही तयार करतो. आपल्या आम्लयुक्त जठरात त्या स्फटिकापासून अपाय होत नाही. अळीच्या आतड्यातील रस मात्र अतिशय अल्कधर्मी असतो. त्यात स्फटिक विरघळतो, पाचक रसांनी त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे आतड्याच्या पेशींना चिकटून त्यांत छिद्रे पाडतात. काही तासांत अळी खाणे सोडते आणि दोनतीन दिवसांत मरते. मधल्या काळात ती पानावर जिवंत दिसते, म्हणून ‘औषध लागले नाही’ अशी समजूत होते आणि त्यावर लगेच विषारी फवारा बसतो. ही घाई अनेक ठिकाणी घात करते.

आता तुमच्या कामाकडे येतो. प्रयोगशाळेतील नळीत जपलेला शुद्ध वाण प्रथम काचेच्या चंबूत, मग लहान टाकीत आणि शेवटी मोठ्या टाकीत वाढवितात. सोयाबीनचे पीठ, उसाची मळी असे त्याचे अन्न असते. हे अन्न १२१ अंश सेल्सिअसला वाफेने निर्जंतुक करावे लागते. त्यानंतर सुमारे ३० अंशांवर, अखंड गाळीव हवा देत, जीवाणू बीजाणू धरीपर्यंत थांबावे लागते. झडपेच्या खाचेत जुन्या घाणीचा एक थेंब राहिला तरी परका जंतू टाकीचा मालक होऊन बसतो. जीवाणूंना खाणारे विषाणू शिरले तर रात्रीतून सगळा घाणा पाण्यासारखा होतो. पेनिसिलिनच्या निमित्ताने पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५०च्या दशकात हे शास्त्र आपल्याकडे रुजले. तेथे जो नियम होता तोच येथे लागू आहे: जोड गुळगुळीत हवा, आणि जेथे वाफ पोहोचत नाही असा एकही कोपरा टाकीत असता कामा नये.

बुरशीचे तंत्र वेगळे. तिला बहुधा शिजवून निर्जंतुक केलेल्या तांदळावर पिशव्यांत वाढवितात, दोन आठवड्यांत बीजाणू चाळून काढतात आणि शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळतात. उपकरणे स्वस्त असल्याने पुष्कळ लहान उद्योग याच मार्गाने जातात. चाळण्याच्या खोलीत नाकावर पट्टी हवी. ती धूळ कामगाराच्या छातीला बरी नव्हे.

खरी कसोटी त्यापुढे आहे. आपल्या नियमांप्रमाणे ब्युव्हेरियाच्या एका ग्रॅम भुकटीत निदान १० कोटी जिवंत बीजाणू असावे लागतात. इतर जंतू दहा हजारांवर नकोत, आणि साल्मोनेला, ई. कोलाय यांच्यासारखे रोगजंतू मुळीच नकोत. कारखान्याच्या दाराशी ही संख्या भरेलही. परंतु वैशाखात विदर्भातील पत्र्याच्या गुदामात तीच पिशवी महिनाभर पडली तर? बुरशीचे बीजाणू अशा उष्णतेत झपाट्याने मरतात. शेतकरी पैसे मोजतो दहा कोटी जिवांचे, आणि त्याच्या हाती शंखजिरे पडते.

फवारा ‘लागत’ नाही असे झाले, की दुसरा मोह सुटतो: भुकटीत थोडे रसायन मिसळावयाचे. जैविक म्हणून विकलेल्या मालात असे विष आढळल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत आणि परदेशातही. अमेरिकेतील ज्या राज्यांत गांजाची लागवड कायदेशीर झाली, तेथे अळ्यांसाठी बीटी आणि मऊ अंगाच्या किड्यांसाठी ब्युव्हेरिया वापरण्याकडे कल आहे. जे पीक जाळून धुराच्या रूपाने छातीत घ्यावयाचे, त्यावर रासायनिक अवशेष कोणास हवे असणार? तरी २०१६ मध्ये ऑरेगन राज्यात, दालचिनीचे तेल व सायट्रिक आम्ल एवढेच लेबलावर लिहिलेल्या एका फवारणीत अबामेक्टिन सापडले आणि तिची विक्री थांबवावी लागली. गंमत अशी की, अबामेक्टिनही मातीतील सूक्ष्मजीवापासूनच मिळते. पण ते जीव नव्हे, निखळ विष आहे. आपल्याकडे १९८५च्या कायद्याने गांजासाठी लागवड सर्वसामान्यास बंद आहे. धागा व बी यांसाठी भांग पिकविण्याचे परवाने उत्तराखंडासारख्या राज्यात दिले जातात. तेव्हा आपला मुख्य प्रश्न त्या पिकाचा नाही, तो लेबलाच्या खरेपणाचा आहे.

विषाणूंविषयी थोडे सांगावयाचे राहिले. हरभऱ्यावरील घाटेअळीचा विषाणू टाकीत वाढत नाही. त्याला जिवंत अळीच लागते. अळ्या एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळा कप्पा द्यावा लागतो. आजारी अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते, उलटी लोंबकळते आणि फुटून खालच्या पानांवर विषाणू सांडते. उन्हातील अतिनील किरणांनी तो लवकर निकामी होतो. म्हणून फवारणी सायंकाळी करावयाची आणि द्रावणात कपड्याची नीळ किंवा राणीपाल घालावयाची, असा सल्ला महाराष्ट्रातील शेतकऱ्याला मिळतो. धोब्याच्या कपाटातील ही वस्तू विषाणूला छत्री धरते! अशा लहान युक्तीचे मोल मला महागड्या यंत्राइतकेच वाटते.

निसर्ग हे काम आपणहून करतो, तेही पाहण्यासारखे असते. कोल्हापूर-सांगलीकडे पावसाळ्यात ओल टिकली की सोयाबीनवरील अळ्या प्रथम पांढऱ्या, मग हिरवट पडून पानाला चिकटून मरतात. ती नोमुरिया बुरशी होय. धारवाडच्या कृषी विद्यापीठाने तिच्यावर बरेच काम केले आहे. मे २०१८ मध्ये शिवमोग्ग्याच्या मक्यात अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम आढळली, तेव्हा तिलाही हीच बुरशी मारते असे दिसले. आणि रेशमाच्या किड्याला हिरवा रोग होतो, तोही हिचाच.

म्हणून या वसाहतीत जो कोणी असा कारखाना काढील, त्याला माझी विनंती एवढीच की, पिशवीवर केवळ उत्पादनाची तारीख छापू नये. माल किती अंश तापमानाच्या आत ठेवावयाचा, त्या तापमानाला तो किती महिने जिवंत राहतो आणि तुतीच्या मळ्याजवळ तो फवारू नये, ही तीन वाक्ये ठळक अक्षरांत छापावी. कन्नडमध्ये, आणि माल बेळगावच्या पलीकडे जाणार असेल तर मराठीतही.