पुंडलिक सभेला येत नाही

(जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त एका ज्येष्ठ नागरिक संघात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



‘वार्धक्य, आरोग्य आणि कुटुंबातील शुश्रूषा’ हा आजचा विषय एखाद्या वैद्याने मांडावा असा आहे. मी वैद्य नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने पत्रकार. त्यामुळे औषधांविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु वार्तांकनाच्या निमित्ताने अशी अनेक शिबिरे, चर्चासत्रे आणि व्याख्याने मी पाहिली आहेत. तेव्हा आज बोलायचे आहे ते या कार्यक्रमांविषयीच. ते कोणासाठी होतात, आणि कोणापर्यंत पोहोचतच नाहीत?

समाजाने एकत्र बसून शिकावे, ही परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. आज गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांतून मधुमेह, मोतीबिंदू, गुडघेदुखी, मृत्युपत्र अशा विषयांवर व्याख्याने होतात, ती याच परंपरेतील आहेत. त्यांचे मोल मोठे आहे. पण सभागृहातील खुर्च्यांवर नजर फिरवली, की एक गोष्ट ध्यानात येते. येथे बसलेले बहुतेक जण स्वतःच्या पायांनी चालत आलेले असतात. जे अंथरुणाला खिळले आहेत, ते येत नाहीत, हे ओघानेच आले. पण त्यांची शुश्रूषा करणारी व्यक्तीही येत नाही! जिला हे ज्ञान आज संध्याकाळीच वापरावे लागणार आहे, तिच्याच कानावर ते पडत नाही.

ती का येत नाही, याचे उत्तर पंढरपूरच्या विटेवर आहे. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाच्या दारी साक्षात परमेश्वर आला, तरी त्याला उठता आले नाही. त्याने वीट पुढे सरकवली आणि देवाला थांबायला सांगितले. ही कथा आपण मातृपितृभक्तीचा आदर्श म्हणून सांगतो. ती आहेच. पण तिच्यात शुश्रूषेचे एक व्यवहारसत्यही दडलेले आहे. सेवा करणाऱ्याला हातातले काम टाकून उठता येत नाही. जो देवासाठी उठू शकला नाही, तो आपल्या सायंकाळी साडेपाचच्या व्याख्यानाला कसा येणार?

प्रश्न किती मोठा आहे, तेही पाहू. २०११च्या जनगणनेनुसार भारतात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीच्या अनुमानानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. यांपैकी बहुतेकांचा सांभाळ रुग्णालयात नव्हे, घरातच होतो. दहा-बारा माणसांच्या वाड्यात जे ओझे वाटले जात असे, ते दोन खोल्यांच्या सदनिकेत एकाच व्यक्तीच्या खांद्यावर येऊन पडते.

आणि ती व्यक्ती बहुधा स्त्री असते. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळवापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील कोणाची तरी देखभाल करताना आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. स्त्रिया या कामाला दिवसाकाठी सुमारे १४० मिनिटे देत होत्या, पुरुष ७४ मिनिटे. या आकड्यांत मुलांचे संगोपनही येते, हे खरे. तरीही भार कोणीकडे झुकला आहे, हे स्पष्ट आहे. आपल्या आदर्श कथेतला पुंडलिक मुलगा होता, सून नव्हे. आईवडिलांची सेवा हा मुलाचा धर्म म्हणून सांगायचा आणि प्रत्यक्षात ती सुनेच्या, लेकीच्या किंवा सत्तरीच्या पत्नीच्या पदरात टाकायची, ही विसंगती आपण कधीतरी मान्य केली पाहिजे.

कोणी म्हणेल, सेवेला प्रेम लागते, शिक्षण कशाला? मित्रहो, नुसत्या प्रेमाने पाठीवरचे व्रण टळत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते, हे ठाऊक असावे लागते. आडव्या माणसाला घास भरवला, तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. म्हणून त्याला बसवून भरवावे, आणि जेवणानंतरही अर्धा तास तरी बसते ठेवावे. रुग्णाला उचलताना कंबरेत वाकण्याऐवजी गुडघ्यांत वाकावे, नाहीतर घरात एकाचे दोन रुग्ण होतात. कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज अचानक भलतेसलते बोलू लागले, तर ते ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. त्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाणी वा क्षार कमी होणे, एखाद्या औषधाचा परिणाम अशी कारणे असू शकतात. त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळाली, तर अनेकदा माणूस पूर्ववत होतो. हे ज्ञान फार गहन नाही. पण ज्या घराला ते मिळाले आणि ज्या घराला मिळाले नाही, त्या दोन घरांतील म्हातारपण सारखे नसते.

स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत तर आपली भाषाच आड येते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण एकदा उच्चारली, की तपासणीची गरजच संपते. वास्तविक विस्मरणामागे ब जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य असू शकते, आणि या गोष्टींवर उपचार आहेत. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञगटाने २०२४ साली चौदा धोके नोंदवले. ते आयुष्यभर टाळता आले, तर स्मृतिभ्रंशाची जवळजवळ ४५ टक्के प्रकरणे टळू शकतील वा लांबणीवर पडू शकतील, असे त्या गटाचे अनुमान आहे. कमी ऐकू येणे, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा हे त्यांतलेच. म्हणजे आजोबांना श्रवणयंत्र घेऊन देणे हाही मेंदूच्या रक्षणाचाच भाग होय.

शब्दांचे महत्त्व जपानने ओळखले. तेथे या आजाराला पूर्वी जो शब्द रूढ होता, त्यात मूर्खपणाची छटा होती. २००४ साली सरकारने तो बदलून बोधक्षमतेच्या विकाराचा निर्देश करणारा शब्द स्वीकारला. पुढच्याच वर्षी ‘स्मृतिभ्रंश साहाय्यक’ घडवण्याची चळवळ सुरू झाली. पद्धत अगदी साधी. सुमारे दीड तासाचा एक वर्ग असतो. तो सभागृहातच भरतो असे नाही. बँकेत, दुकानात, शाळेत, जेथे माणसे आहेत तेथे भरतो. वाट चुकलेल्या आजीशी कसे बोलावे, पैसे मोजताना गोंधळलेल्या आजोबांना घाई कशी करू नये, एवढेच तेथे शिकवतात. वर्ग पूर्ण केल्याची खूण म्हणून मनगटावर नारिंगी कडे येऊ लागले. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी हे शिक्षण घेतले आहे. शुश्रूषा एका घराची खासगी बाब राहिली नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही त्यात वाटा मिळाला.

आपल्याकडे साधने नाहीत, असे नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. वाट चुकलेल्या त्या पंडिताला हत्तीवाल्याची अशिक्षित पत्नी आपल्या लेकरासारखे सांभाळून घेते. त्याला कोणता आजार आहे, हे तिला माहीत नाही, पण त्याला कसे वागवावे, हे कळते. असा चित्रपट दाखवून पुढे तासभर चर्चा घडवली, तर दहा भाषणांचे काम होईल.

मग आपण काय करावे? माझी सूचना एवढीच, की आपण विटेवर थांबायला शिकावे. कार्यक्रमाची वेळ मान्यवरांच्या नव्हे, शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या सोयीने ठरवावी. ती घराबाहेर पडावी म्हणून तेवढे दोन तास तिच्या घरी रुग्णाजवळ बसायला दोन परिचित, विश्वासू माणसे पाठवावीत. येथे जमलेले अनेक जण निवृत्त आहेत, धडधाकट आहेत. या कामासाठी आपल्यापेक्षा योग्य कोण? तरीही जिला येता येणार नाही, तिच्या घरी पाच-सहा शेजाऱ्यांचा छोटा वर्ग भरवावा. भाषण कमी आणि प्रात्यक्षिक जास्त असावे. खाटेवर एक कार्यकर्ता झोपवून कूस कशी बदलायची, हे एखाद्या परिचारिकेने दाखवावे. निमंत्रण देताना मुलाला नावानिशी बोलवावे. ‘सूनबाईंना पाठवा’ असा निरोप धाडू नये.

शासनाने काही केले नाही, असेही नाही. आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७चा कायदा आहे. १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. २०२४पासून सत्तरी पूर्ण केलेल्यांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण मिळते. या गोष्टी घरोघरी सांगितल्याच पाहिजेत. पण न्यायाधिकरण निर्वाहभत्ता देववू शकते, रात्री दोन वाजता कूस बदलायला येऊ शकत नाही. विमा रुग्णालयाचे देयक भरतो. रुग्णालयातून घरी परतल्यानंतरचे अनेक महिने कुटुंबालाच काढावे लागतात. त्या महिन्यांत कुटुंबाच्या पाठीशी उभे राहायचे, ते समाजाने.

बंधू-भगिनींनो, येथून घरी जाताना आपल्या इमारतीतील, आळीतील एक बंद दार आठवा. आत कोणीतरी अंथरुणावर आहे आणि कोणीतरी उशाशी बसले आहे, हे आपल्याला माहीत असते. रुग्णाची प्रकृती आपण अधूनमधून विचारतो. या आठवड्यात उशाशी बसलेल्या व्यक्तीची प्रकृती विचारा. ‘मी दोन तास बसतो, तुम्ही जाऊन या,’ एवढे एक वाक्य म्हणा. कोठे जायचे, ते तिचे ती ठरवील. कदाचित ती नुसती शांत झोपेल. तेही आरोग्याचेच काम आहे.