ओझ्याचा तोल

सोयाबीनच्या सुगींत वाशीम, रिसोड, कारंजा येथील बाजारांकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या धांवूं लागतात. दोन चाकांच्या ट्रॉलींत पोतीं कोठें रचावीं, हा प्रश्न जिवाशीं निगडित आहे. बैलगाडी उलाळ झाली कीं जूं वर उचललें जाऊन बैलांचा गळा आवळतो, ट्रॉलीचेंही तसेंच. ओझें आंसाच्या मागें गेलें, तर सांधा वर उचलला जाऊन ट्रॉली डोलूं लागते. फार पुढें आलें, तर ट्रॅक्टरचीं पुढचीं चाकें हलकीं होऊन वळणें बिघडतें. परदेशीं मोटारीमागें ओढावयाच्या फिरत्या घरांस, पुढच्या चाकांकडे भार परतविणारे पोलादी दांडे लावतात. तरी एकंदर वजनाचा १० ते १५ टक्के भार सांध्यावर राखतातच. चुकीची रचना कोणताही दांडा सुधारीत नाहीं. म्हणून आधीं पोतीं नीट रचा, मग सांधा तपासून निघा.