नव्या गुडघ्याला मांडीची साथ

(पाटस येथे ज्येष्ठांच्या व महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



कुणाचा गुडघा बदलला की आपण विचारतो, "वाटी कुठल्या कंपनीची? किती पडले?" मांडीच्या स्नायूंचे कुणी विचारत नाही. भारी सांध्यासाठी रान गहाण टाकावे का, असे मला विचारले जाते, म्हणून आज त्या स्नायूंविषयीच बोलते.

आधी एक गोष्ट. डॉक्टर नुसती वाटी बदलत नाहीत. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोके तासून त्यांवर धातू बसवतात व मध्ये टणक प्लास्टिकचा थर ठेवतात. स्नायू मात्र आपलेच, जुनेच राहतात.

सांध्याच्या रचनेला महत्त्व नाही असे नाही. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयींचा गुडघा २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला. हेच राणावत सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आधुनिक कृत्रिम गुडघा घडवणाऱ्यांपैकी एक. तो पहिला सांधा साधारण काटकोनापर्यंत वाके. खुर्चीवर बसणाऱ्याला तेवढे पुरे. पण चुलीपुढे बसून भाकरी थापणाऱ्या बाईचे काय? ही अडचण ओळखून पुण्याच्या डॉ. के. एच. संचेतींनी आपल्या लोकांसाठी, कमी खर्चात, 'इंडस' गुडघा तयार केला. आपल्यापासून साठेक किलोमीटरवर हे काम झाले, याचा मला अभिमान वाटतो.

आता स्नायूंकडे येऊ. आपला हापसा आठवा. दांडा लांब असला की जोर कमी लागतो. मांडीचा पुढचा स्नायू वाटीवरून नडगीला ओढतो, तेव्हा वाटी दांड्याचे काम करते. काही नव्या सांध्यांत गोलाई एकसारखी ठेवतात, त्यामुळे हा दांडा थोडा लांब पडतो आणि खुर्चीतून उठताना स्नायूला कमी जोर लावावा लागावा, अशी कल्पना आहे. काही अभ्यासांत तसा फायदा दिसला, काहींत दिसला नाही. गुडघ्याच्या आतला मागचा अस्थिबंध ठेवायचा की काढून त्याच्या जागी प्लास्टिकची खुंटी द्यायची, यावरही डॉक्टरांत जुना वाद आहे. चालण्याफिरण्यात दोन्हींत मोठा फरक आढळलेला नाही. कुठली रचना घ्यायची ते हाड पाहून सर्जनने ठरवावे. आपण जाहिरात पाहून ठरवू नये.

कारण खरी घट दुसरीकडेच होते. शस्त्रक्रियेनंतर महिनाभराने मांडीची ताकद आधीच्या निम्म्याहूनही कमी झालेली असते, सांधा कुठलाही असो. आत सूज असली की शरीर स्वतःच त्या स्नायूला आवरून धरते. माणूस म्हणतो, "पाय उचलायचा म्हटलं तरी उचलत नाही." हा आळस नव्हे. त्यात वर्षानुवर्षे दुखऱ्या पायावर भार न दिल्याने मांडी आधीच वाळलेली असते. म्हणून व्यायाम शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू करावा.

खर्चाचे बोलू. सरकारने १६ ऑगस्ट २०१७ रोजी सांध्यांच्या कमाल किमती ठरवल्या. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये, खास धातूच्या सांध्याला ७६,६०० रुपये, वर जीएसटी. आज लागू असलेली किंमत विचारा, बिलात सांध्याची किंमत वेगळी मागा आणि सांध्याचे स्टिकर लावलेला कागद जपून ठेवा. वरचे वीस-बावीस हजार रुपये खास धातूत घालून नंतर फिजिओथेरपीला जायला गाडीभाडे उरले नाही, तर तो व्यवहार उलटा झाला असे मी म्हणेन.

घरी काय करायचे? टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, मांडी आवळून गुडघा खाली दाबा, पाचपर्यंत मोजा, सोडा. पाय सरळ ठेवून वीतभर उचला. पुढे खुर्चीतून हात न टेकता उठायचा सराव. किती वेळा, ते फिजिओथेरपिस्ट सांगतील. आराम करताना गुडघ्याखाली उशी नको. बरे वाटते खरे, पण गुडघा वाकडाच राहतो. पोटरी अचानक सुजली, जखमेतून पाणी आले किंवा ताप आला तर रविवारची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आणि सुनांनो, सासूबाईंना पहिले काही आठवडे चुलीपुढे बसवू नका. पण "तुम्ही पडूनच राहा" असेही म्हणू नका. उंच खुर्ची द्या, भाजी निवडायला द्या, आणि दर तासाला अंगणात एक फेरी मारायला लावा.