दोन अ‍ॅरे सारखे आहेत का? एका रविवारच्या पगाराची गोष्ट

आजचा भाग छोटा आहे, आणि खरं सांगायचं तर थोडा कबुलीजबाब पण आहे. विषय ऐकून स्किप करू नका. दोन अ‍ॅरेंची तुलना. एवढंच.

बीटेक करून नोकरीला लागल्यावर पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. बांधकामाच्या साइटवर कामगारांची हजेरी घेणारं एक अ‍ॅप आम्ही बनवत होतो. मुकादम फोनवर तास भरायचा. प्रत्येक कामगाराचा आठवड्याचा एक अ‍ॅरे. सोमवार ते शनिवार, सहा खाने. रविवारी काम झालं, तर शेवटी सातवा खाना जोडायचा.

साइटवर रेंज नसते. म्हणून ठरवलं, की हजेरी बदलली असेल तरच सर्व्हरला पाठवायची. मग ‘बदलली का’ हे ओळखणारी पंधराएक ओळींची लायब्ररी मी लिहिली. आधी सर्व्हरला गेलेला जुना अ‍ॅरे आणि फोनवरचा नवा अ‍ॅरे द्यायचे, ती ‘सारखे’ किंवा ‘वेगळे’ सांगणार.

आता तुम्ही म्हणाल, त्यासाठी लायब्ररी कशाला? ट्रिपल इक्वल लाव की! पण जावास्क्रिप्टमध्ये ते चालत नाही. एक, दोन, तीन असे आकडे असलेले दोन वेगळे अ‍ॅरे घ्या आणि ट्रिपल इक्वल लावा. उत्तर येतं फॉल्स. कारण जावास्क्रिप्ट आतले आकडे बघतच नाही. मेमरीत ही एकच वस्तू आहे का, एवढंच बघते. पायथनमध्ये दोन लिस्टना डबल इक्वल लावलं, की ती आत जाऊन एकेक घटक तपासते. इथे ते काम आपल्याला करावं लागतं.

म्हणून मी लूप लिहिला. पहिला पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी. कुठे फरक दिसला की ‘वेगळे’. शेवटपर्यंत नाही दिसला, तर ‘सारखे’. टेस्ट केलं, चाललं. रिलीज.

काही आठवड्यांनी एका मुकादमाचा फोन आला. “साहेब, रविवारी पोरांनी काम केलंय, मी स्वतः हजेरी भरलीय. पैसे आले नाहीत.” मी लॉग बघितले. काही रविवार पोचले होते, काही नाही. दोन दिवस मी नेटवर्कलाच दोष देत बसलो.

चूक माझ्या लूपमध्ये होती. तो जुन्या अ‍ॅरेच्या लांबीपर्यंतच फिरत होता. जुन्यात सहा खाने, नव्यात सात. सहाच्या सहा जुळले, आणि माझी लायब्ररी म्हणाली ‘सारखे’. सातवा खाना तिने बघितलाच नाही. ज्या आठवड्यात मुकादमाने शनिवारचे तासही दुरुस्त केले होते, तेव्हा फरक सापडायचा आणि रविवारही सोबत जायचा. म्हणून कधी चालायचं, कधी नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती : लूपच्या आधी दोन्ही लांबी तपासा. वेगळ्या असतील तर तिथेच थांबा. मुकादम दोन मस्टर ताडून बघताना आधी काय करतो? दोन्हींत किती नावं आहेत ते मोजतो. मग बोट ठेवून एकेक ओळ बघतो. मी बोट ठेवलं, पण मोजलं नाही.

अजून तीन खड्डे सांगतो. पहिला, एनएएन, म्हणजे ‘नॉट अ नंबर’. हा स्वतःशीच जुळत नाही. तासांचा रिकामा बॉक्स पार्सफ्लोटमधून गेला, की एनएएन होतो. मग अ‍ॅरे कायम ‘वेगळा’, आणि फोन उगाच डेटा पाठवत बसतो. उपाय म्हणजे ऑब्जेक्ट डॉट इज. रिअ‍ॅक्टसुद्धा यूजइफेक्टच्या डिपेंडन्सी याच पद्धतीने एकेक करून तपासतो.

दुसरा, जेसन स्ट्रिंगिफाय. दोन्ही अ‍ॅरेंची स्ट्रिंग करून तुलना करणं सोपं वाटतं. पण अ‍ॅरेतला एनएएन आणि अनडिफाइन्ड, दोन्हींचं त्यात नल होतं. म्हणजे वेगळ्या गोष्टी सारख्या दिसतात.

तिसरा, अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे. तिथे साधा लूप पुन्हा ट्रिपल इक्वलवरच अडकतो, फंक्शनला स्वतःलाच आत बोलवावं लागतं. तसं काही असेल, तर लोडॅशचं इजइक्वल वापरा. साध्या आकड्यांना मात्र आपला लूप पुरतो.

आणि एक टेस्ट नक्की लिहा. अ ची तुलना ब शी, मग ब ची अ शी. उत्तर एकच यायला हवं. माझ्या लायब्ररीत जुना-नवा उलटे दिले, की बरोबर ‘वेगळे’ येत होतं! ही एक टेस्ट असती, तर चूक माझ्या लॅपटॉपवरच पकडली गेली असती.

त्या पोरांना राहिलेले पैसे पुढच्या पगारात मिळाले. पण तोवर त्यांना थांबावं लागलं, ते माझ्या एका न लिहिलेल्या ओळीमुळे. म्हणून आता कोणी ‘छोटंसं फंक्शन आहे, टेस्ट कशाला’ म्हटलं, की मला तो फोन आठवतो.

तुमच्या कोडमध्ये असा लूप असेल, तर आज उघडून बघा. लांबी तपासलीय का? चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!