फळ्यांखालची साक्ष

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीतील, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळातील स्त्री म्हटली की एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येते. दिवाणखान्यात बसलेली, भरतकामात रमलेली, पतीच्या छायेत वावरणारी गृहिणी! परंतु जिला दिवाणखानाच काय, घरही नव्हते, तिचे काय? तिने आत्मचरित्र लिहिले नाही. तिची साक्ष सापडली ती जमिनीच्या फळ्यांखाली.

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात हाइड पार्क बरॅक्स नावाची तिमजली विटांची इमारत आहे. १८१९ मध्ये ती पूर्ण झाली, ती पुरुष कैद्यांसाठी. १८४८ मध्ये कैदी गेले आणि तेथे स्थलांतर करून येणाऱ्या एकट्या स्त्रिया उतरू लागल्या. प्रारंभीच्या वर्षांत आयर्लंडच्या भीषण दुष्काळाने पोरक्या केलेल्या मुली आल्या. १८४८ ते १८५० या अवधीत अशा चार हजारांहून अधिक मुली ऑस्ट्रेलियास पाठविल्या गेल्या. सिडनीस आलेल्या मुलींना घरकामाच्या नोकऱ्या मिळत त्या याच इमारतीतून. पुढे १८६२ पासून १८८६ पर्यंत सर्वांत वरच्या मजल्यावर वृद्ध, आजारी व निराधार स्त्रियांचा आश्रम होता.

१९८० च्या सुमारास जीर्णोद्धाराच्या वेळी फळ्या उचलल्या गेल्या, तेव्हा खालच्या पोकळीत सुया, टाचण्या, अंगुस्ताने, दोरे, कापडाचे तुकडे, जपमाळा, धार्मिक पत्रके आणि चिनी मातीसारख्या पांढऱ्या मातीच्या तंबाखूच्या चिलमा सापडल्या. कित्येक वस्तू उंदरांनी आपल्या घरट्यांसाठी ओढून नेल्या होत्या. मातीत कुजून गेले असते ते कापड व कागद त्या कोरड्या जागी टिकून राहिले.

या क्षुल्लक वस्तू काय सांगतात? येथील सुई ही विरंगुळ्याची नव्हे. आश्रमातील स्त्रिया शिवणकाम व धुणे करून संस्थेचा गाडा ओढीत असत. चिलीम सांगते की, शिष्टाचाराच्या पुस्तकांना मान्य नसलेले एखादे सुख म्हातारपणी त्यांनी जपले होते. जपमाळ सांगते की, मायभूमी सुटली तरी श्रद्धा सुटली नाही. आणि या साऱ्यांवर देखरेख करणारी मेट्रन ल्यूसी हिक्स हीही पगारी नोकरी करणारी संसारी स्त्रीच होती. आपल्या कुटुंबासह ती याच इमारतीत राहत असे.

२०१० मध्ये युनेस्कोने या वास्तूस जागतिक वारशाचा मान दिला, तो मुख्यतः कैद्यांच्या इतिहासासाठी. तथापि फळ्यांखालचे बहुतेक धन स्त्रियांचे आहे. कोणती टाचणी कोणाच्या हातून निसटली, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. परंतु त्या हाताने काम केले होते, एवढे ती टाचणी निश्चितपणे सांगते. इतिहासाने ज्यांची नोंद घेतली नाही, त्यांची नोंद उंदरांच्या घरट्यांनी ठेवली!