परदेशची खरेदी आणि घरची मंडळी
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



ज्ञातीच्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, शिष्यवृत्त्या यांविषयी बोलले जावे; बाजारहाटाविषयी कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु काळ पालटला आहे. काशीयात्रेहून परतणारा मनुष्य पूर्वी गंगाजलाचा गडू आणीत असे. आज आपल्यातील कित्येक कुटुंबे दुबई, सिंगापूर, बँकॉक पाहून येतात आणि त्यांच्या बॅगांचे वजन हा आप्तेष्टांच्या चर्चेचा विषय होतो. हा खर्च कोण करतो आणि कोणासाठी करतो, याचा विचार केल्यास आपल्या कुटुंबव्यवस्थेवरच प्रकाश पडतो, अशी आमची धारणा आहे.

ज्याची मिळकत मोठी त्याची खरेदी मोठी, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मिळकत खर्चाची मर्यादा ठरविते. खर्चाची दिशा ठरविते ते वय आणि घरची परिस्थिती. परक्या देशाच्या दुकानात मनुष्य एकटा उभा असला, तरी खरेदी करीत असते त्याचे सारे घर.

अविवाहित तरुणाकडे पाहा. त्याची प्राप्ती बेताची, पण तिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नसतो. म्हणून मोबाइल, घड्याळ, पादत्राणे यांवर तो सढळ हाताने खर्च करतो. विवाहानंतर खरेदी दोन घरांत विभागली जाते. माहेरी एक वस्तू गेली की सासरीही त्याच तोलाची जावी लागते. मूल झाले की आईबापांची स्वतःसाठीची खरेदी आटते आणि बाळाचे कपडे व खेळणी बॅग भरून टाकतात. मुले मोठी झाली की विवाहाची चिंता सोन्याच्या दुकानाकडे नेते. दुबईच्या देरा भागातील सोनेबाजारात भारतीय कुटुंबे दिसतात ती याचमुळे. निवृत्त दांपत्याची तर गंमतच आहे. मुलगा परदेशी असल्यास ते जाताना गोडा मसाला, लोणची, मेतकूट घेऊन जातात आणि येताना नात्यागोत्यातील मुलांसाठी चॉकलेटे आणतात. स्वतःच्या गरजा त्यांनी केव्हाच आवरत्या घेतलेल्या असतात.

घरची स्थिती बाजारावर केवढा परिणाम करू शकते, याचे ठळक उदाहरण हाँगकाँगचे आहे. २००३ च्या जुलैपासून चीनच्या काही शहरांतील नागरिकांना एकट्याने हाँगकाँगला प्रवास करण्याची मुभा मिळाली. पुढे २००८ मध्ये चीनमधील बालकांच्या दूधभुकटीत मेलामाइन हे अपायकारक रसायन मिसळल्याचे उघड झाले. सुमारे ३ लाख बालके आजारी पडली, ६ दगावली. स्वदेशी भुकटीवरचा विश्वास उडालेले आईबाप हाँगकाँगच्या दुकानांकडे वळले. त्यांच्या मागोमाग नफ्यासाठी डबे वाहून नेणारे लोकही आले, आणि स्थानिक मातांना आपल्याच शहरात दूध मिळेना. अखेर १ मार्च २०१३ पासून तेथील सरकारने असा निर्बंध घातला की, १६ वर्षांवरील प्रवाशाने चोवीस तासांत १.८ किलोपेक्षा अधिक भुकटी, म्हणजे साधारण दोन डबे, बाहेर नेऊ नये. शिक्षा होती ५ लाख हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड आणि २ वर्षांपर्यंत कैद. ही गर्दी चैनीची नव्हती. पाळण्यातील लेकराच्या काळजीने माणसे सीमा ओलांडीत होती.

आता कायद्याची दृष्टी पाहा. घर एकत्र विचार करते. कायदा एकेक माणूस आणि त्याचे वय मोजतो. सिंगापुरात खरेदीवरील कराचा परतावा १६ वर्षांखालील पर्यटकास मागता येत नाही. विमानाने जर्मनीत येणाऱ्या प्रौढास ४३० युरोंपर्यंतच्या मालावर सूट आहे, १५ वर्षांखालील मुलास केवळ १७५ युरोंपर्यंत. आपल्या देशात २०१६ च्या नियमांनी दुबई, सिंगापूर यांसारख्या देशांतून परतणाऱ्या प्रवाशास ५० हजार रुपयांच्या मालावर सूट दिली होती. पण तान्ह्या बाळाच्या नावाने त्याचे वापरातील सामान तेवढे करमुक्त होते. शिवाय पतिपत्नींनी आपापल्या सुटी एकत्र करून एक लाखाची एकच वस्तू आणावी, हे त्या नियमांना मान्य नव्हते. स्त्रीला ४० ग्रॅम दागिन्यांची वेगळी सूट होती खरी. परंतु ती वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या स्त्रीसाठी आणि १ लाख रुपयांच्या मर्यादेत. आठ दिवसांच्या सहलीस गेलेल्या गृहिणीस ती लागू नव्हती. अशा मर्यादा वेळोवेळी बदलतात. म्हणून प्रवासाच्या वेळी कोणता नियम चालू आहे, हे सीमाशुल्क खात्याकडून जाणून घेणे इष्ट.

हे सारे सांगण्याचा हेतू एवढाच की, या खर्चाचा भार आपण परस्परांवर लादीत असतो. नवविवाहित जोडपे निघाले की आप्तेष्टांच्या याद्या त्यांच्या हाती पडतात. नाही म्हणावे तर रुसवा, हो म्हणावे तर कर्ज. लेकीच्या लग्नाचे सोने परदेशी स्वस्त मिळेल या आशेने बाप जन्माची पुंजी घेऊन जातो आणि विमानतळावर शुल्क भरताना त्याचा हिशेब चुकतो. दुसऱ्याची बांधलेली पुडी न पाहता बॅगेत टाकणारे भिडस्त वृद्ध तर नकळत मोठे संकट ओढवून घेतात.

म्हणून आमची विनंती आहे की, निघण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून यादी आणि रक्कम ठरवावी. वडीलधाऱ्यांनी स्वतः होऊन म्हणावे, 'बाळांनो, देश पाहून सुखरूप या. आम्हांस काही नको.' एवढे एक वाक्य तरुण संसाराचे ओझे पुष्कळ हलके करील. देणाऱ्याची ऐपत ओळखून घेणाऱ्याने हात आवरता घ्यावा, ही आपल्या घरांची जुनी रीत आहे. परदेशच्या बाजारातही ती सोडू नये.